पुष्पा पगारेचं सक्तीचं इंग्रजी

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसू नये, असं आमच्या नात्यातल्या बायका एकमेकींना सांगतात. मी कुणाला वाईट बोलते म्हणून नव्हे, मी तोंडात बघते म्हणून. बाई हसली की मला तिचा चेहरा दिसत नाही, हिरड्या दिसतात.

"तुम्ही डॉक्टर का?" नवखी बाई विचारते.

"नाही."

"मग नर्स?"

"तेही नाही. मी डेंटल हायजिनिस्ट. लोकांच्या दातांवरचं कीटण काढते."

यावर ती हातातली जिलबी ताटात ठेवते आणि उरलेली पंगत ओठ मिटून जेवते. माझी करमणूक होते. वीस-बावीस वर्षं मी हे करत आले आहे, आणि अजून एकाही पंगतीत मला माझं काम एका वाक्यात सांगता आलेलं नाही. म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

दातांचा डॉक्टर दात काढतो, भरतो, कवळी बसवतो. ती वेळच येऊ नये म्हणून त्याच्या आधी जी बाई उभी असते, ती मी. दातांवर रोज एक चिकट पापुद्रा साठतो. तो घासून काढला नाही तर त्याचा दगड होतो, तेच कीटण. ते हिरडीखाली शिरतं, हिरडी सुजते, रक्त येतं, आतलं हाड खाली सरकतं आणि एक दिवस धडधाकट, न किडलेला दात हलायला लागतो. ते कीटण आम्ही स्केलर नावाच्या वाकड्या टोकाच्या हत्यारानं खरवडतो. दिसायला गवंड्याचं काम, करायला सोनाराचं. यासाठी मुंबईत दोन वर्षं शिकावं लागतं आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं. सर्टिफिकेट, पदवी नव्हे. हा फरक नीट लक्षात ठेवा, माझी पुढची सगळी वाईट वागणूक या फरकावर उभी आहे.

मी पिंपळगावकडच्या कांदेवाल्या शेतकऱ्याची मुलगी. नाशिकला कॉलेजात बी.ए.ची दोन वर्षं केली. तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायच्या वेळी मामा म्हणाला, "बी.ए. होऊन काय करशील? मुंबईला हे नवीन काहीतरी दातांचं निघालंय, विद्यावेतन मिळतं, लगेच नोकरी." वडिलांनी ते ऐकलं. मी परत आले ती सर्टिफिकेट घेऊन, आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली बरीच माणसं अजून जिवंत आहेत आणि दिवाळी अंक फुकट मिळाला तर वाचतात.

दवाखान्यात डॉ. मोकाशी हे एकच दंतवैद्य होते, आणि पलीकडच्या खोलीत माझी खुर्ची. त्या खुर्चीवर मी काय काय पाहिलं. वणीकडचा एक शेतकरी होता. त्याचं काम झाल्यावर मी वाटीतलं कीटण टाकायला निघाले, तर तो म्हणाला, "ओ बाई, ते कुठं चाललं? माझं हाय ते, मला द्या."

"कशाला हवंय?"

"कारभारणीला दाखवायचंय. ती म्हणती, तुमच्या तोंडात काय बी नाय, उगा नाशिकला जायचं निमित्त."

मी कागदाच्या पुडीत बांधून दिलं. त्यानं ते खिशात ठेवलं, कुंकवाची पुडी ठेवतात तसं जपून. मिसरी लावणारी एक सिन्नरची बाई होती, तिचे दात मी पांढरे केले आणि आरसा दिला, तर ती रडायला लागली. "हे माझे न्हाईत," म्हणाली. मला तिच्या नवऱ्याची शपथ घेऊन सांगावं लागलं की तेच आहेत. आणि एक नवरदेव, मुलगी बघायला जायच्या दिवशी सकाळी आलेला. त्याला फक्त समोरचे सहा दात साफ करून हवे होते. म्हणाला, "मागचे तिला लग्नानंतर दिसतील."

माझा हात चांगला होता. हे मी नम्रपणानं सांगू शकत नाही, कारण ते खरं आहे. पेशंट डॉक्टरांना सांगायचे, शालिनीबाईंकडे दुखत नाही. मला ते ऐकायला आवडायचं. दार अर्धवट उघडं ठेवून मी ते ऐकायचे.

आणि मग, आणीबाणी उठली त्या वर्षी, दुसरी खुर्ची आली आणि तिच्यामागे पुष्पा पगारे आली.

पुष्पा एकलहऱ्याची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या बाजूला कामगार होते, कॉलनीत क्वार्टर होती. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, बारीक, कमी बोलणारी. धार लावायला मी तिला शिकवलं: दगडावर तेलाचा थेंब, स्केलरचा कोन, मग अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं, घसरला तर बोथट, अडकला तर धारदार. तिनं ते दोन दिवसांत उचललं. मला वाटलं होतं निदान महिना लागेल.

तिच्या पिशवीत डब्याखाली एक पुस्तक असायचं. मी एकदा, पिशवी जरा बाजूला करण्याच्या निमित्तानं, काढून पाहिलं. अर्थशास्त्र.

"हे काय गं?"

"बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय, ताई. कॉलेजची दोन वर्षं झाली, मग भावांच्या शिक्षणाची वेळ आली, म्हणून मुंबईला हा कोर्स केला. आता बाहेरून बसावं म्हणते."

मी हसून "छान, छान" म्हणाले. मी हुबेहूब हसू शकते, शाळेत असल्यापासून नाटकात काम करते. पण माझंही तेच, तेवढंच, नेमकं एक वर्ष राहिलं होतं. दहा वर्षं मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. ही पोर आली आणि माझं राहिलेलं वर्ष माझ्यासमोर डब्याखालून काढून ठेवलं.

त्यात डॉ. मोकाशींचा भाचा अमेरिकेत. त्याचं पत्र आलं की डॉक्टर चहाच्या वेळी मोठ्यानं वाचायचे. त्यानं एकदा लिहिलं की तिकडे आमच्यासारख्या बायका दोन वर्षं शिकतात, नोकरी धरतात, आणि हवं तर पुन्हा कॉलेजात जाऊन उरलेली वर्षं पुरी करून याच कामातली पदवी घेतात. हिरड्यांची पदवी. ते ऐकून मला त्या सगळ्या अनोळखी अमेरिकन बायकांचा एकदम हेवा वाटला. आमच्याकडे दात साफ करणारीला पदवी हवी असेल तर तिनं अर्थशास्त्र करावं, नाहीतर मराठी साहित्य.

"आपल्या पुष्पाबाई होतील हो पदवीधर," डॉक्टर पत्राची घडी करत म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ट्रस्टनं जाहीर केलं, जिल्ह्यातल्या शाळांसाठी दंत आरोग्याची एक जीप सुरू होणार. तिच्यावर एक प्रचारिका. मुलांना दात कसे घासायचे ते दाखवायचं, तक्ते, मोठा लाकडी ब्रश, जबड्याचा नमुना, भाषणं. पगार दीडपट. म्हणजे थोडक्यात नाटकच, आणि मुख्य भूमिका. अट दोन गोष्टींची: हायजिनिस्टचं सर्टिफिकेट आणि कुठलीही पदवी. नेमणूक जूनमध्ये.

सर्टिफिकेटवाल्या दोघीच होतो. पदवीवाली एकही नव्हती. पुष्पानं वडिलांच्या आजारपणात दोन परीक्षा सोडल्या होत्या आणि या एप्रिलला ती नक्की बसणार होती.

घरी मी जाहीर केलं, "मी पण बसणार."

आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून, एकदम आवाज न करणारा माणूस. वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, "तुला पदवी हवीय, की पुष्पाला मिळायला नकोय?"

"दोन्ही."

"मग बस. अर्धं कारण तरी चांगलं आहे."

फॉर्म कुठे मिळतो, फोटो किती लागतात, मला काही माहीत नव्हतं. पुष्पानंच माझा फॉर्म आणून दिला. तिनंच माझ्याबरोबर रांगेत उभं राहून भरला. त्यामुळे आमचे बैठक क्रमांक पाठोपाठचे आले, तिचा पुढचा, माझा मागचा. मी तिचे आभार मानले आणि घरी येऊन तिच्या चांगुलपणावर चडफडले. जिचा हेवा करायचा तिनं निदान थोडं वाईट असावं, एवढी साधी अपेक्षाही ती पुरी करत नव्हती.

त्या वर्षी मी वाचलं, बापरे, केवढं वाचलं. तिसाव्या वर्षानंतर, दोन मुलांच्या दप्तरांमध्ये, भाकरी थापताना, पंचवटीच्या बसमध्ये. कंटाळा आला की डोळ्यांपुढे एक चित्र आणायचं: पुष्पा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली आहे. लगेच झोप उडायची. कुठल्याही मास्तरांनी माझ्याकडून करून घेतला नाही एवढा अभ्यास त्या चित्रानं करून घेतला.

एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण सांगते. आमच्या दवाखान्यातला क्लार्क एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघा हां बाई, हल्ली त्यांच्या लोकांना पुढे ढकलतात." पुष्पाचं घर बौद्ध होतं, त्याला ते म्हणायचं होतं. ट्रस्टच्या नोकरीत कुणाला ढकलणारं कुणी नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी त्याला तसं सांगितलं नाही. मत्सराला आयतं ताट समोर आलं की तो ते परत पाठवत नाही.

आता खरी अडचण. आमचे विशेष विषय वेगळे, तिचं अर्थशास्त्र, माझं मराठी. त्यामुळे पेपर वेगवेगळ्या दिवशी. एकीचा पेपर तर दुसरी खुर्चीवर. पण सक्तीचं इंग्रजी सगळ्यांना एकाच दिवशी, सकाळी अकराला. दोघींना रजा द्यायला डॉक्टर तयार नव्हते. "माणसं पहाटेची एस.टी. पकडून येतात," ते म्हणाले. "दोन्ही खुर्च्या रिकाम्या बघून परत गेली तर पुन्हा येत नाहीत."

पुष्पा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "साहेब, माझं या वर्षी व्हायलाच हवं. बाबा जूनमध्ये रिटायर होतायत. त्यांच्या नोकरीत असताना घरात पदवी यावी, एवढं त्यांचं आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बरं. त्या दिवशी साडेसहाला सुरू करा. चौदा माणसं आहेत. दहापर्यंत यादी संपली तर दोघी जा. नाही संपली तर जिची राहिली ती थांबेल. यादी कशी वाटायची ते शालिनीबाई ठरवतील, त्या सीनियर."

चौदा माणसं, सात सात. मी आदल्या दिवशी यादी करायला बसले.

आमच्या कामात कुणाला किती वेळ लागणार हे नावावरून कळतं, कारण आम्ही तोंड आधी पाहिलेलं असतं. मी माझ्या बाजूला पोस्टातला तरुण, दोन शाळकरी मुली, एक खैरनार गुरुजी असे हलके लोक घेतले. पुष्पाच्या बाजूला सहा साधारण. आणि सातवी, सगळ्यात शेवटी, धोंडाबाई.

धोंडाबाई वणीच्या पुढून येणारी म्हातारी. दोन दिवसांपूर्वी मीच तिला तपासलं होतं. तिचे खालचे पुढचे चार दात कशानं जागेवर होते म्हणाल तर फक्त कीटणानं. हाड कधीच सरकलं होतं. चारही दात कीटणाच्या एका पट्टीत अडकून उभे होते, कुंपण गंजून गेलं तरी वेल त्याला धरून ठेवतो तसे. असं कीटण सरळ काढलं तर दात हातात येतात आणि पेशंट ओरडतो, बाईनं माझे दात पाडले. म्हणून थोडं साफ करायचं, डॉक्टरांना बोलावून तारेनं दात बांधायचे, परत थोडं साफ करायचं. दोन तासांचं काम. त्यासाठी वेगळा दिवस देतात, आणि तसा दिवस देणं माझ्या हातात होतं.

मी तिचं नाव पुष्पाच्या बाजूला लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

सकाळी साडेसहाला आम्ही सुरुवात केली. दोन पेशंट झाले की दगडावर धार लावायची हा माझाच नियम. त्या दिवशी दगड ड्रॉवरमध्येच राहिला. माझा हात असा चालत होता की मलाच कौतुक वाटलं. एकेका माणसाला जेमतेम पंचवीस मिनिटं. दातावरून प्रोब, म्हणजे सुईसारख्या टोकाची सळी, फिरवायची, गुळगुळीत लागलं की चूळ भरायला लावायची, पुढचा.

पावणेदहाला माझे सात संपले. पुष्पाच्या खुर्चीत धोंडाबाई होती, शेजारी तिची सून. पुष्पानं स्केलर खाली ठेवला होता आणि म्हातारीच्या खालच्या दाताला बोट लावून बघत होती.

"पोरी, काढून टाक चारी," धोंडाबाई म्हणाली. "लय दिस झालं, भाकर चावता येईना."

"काढायचे नाहीत, आजी. राहतील ते. पण वेळ लागंल."

"मला काय घाई नाय. एस.टी. दुपारची हाय."

मी हात पुसत होते. माझ्या पिशवीत हॉल तिकीट होतं. "पुष्पा," मी म्हणाले, "हिला पुढच्या आठवड्यात बोलाव. चल."

पुष्पानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "चार दिवस झाले त्यांनी नीट खाल्लं नाही, ताई. तुम्ही व्हा पुढं."

"डॉक्टर एकटे करतील."

"एकट्यानं होत नाही हे." मग ती म्हणाली, "जाताना दार उघडं ठेवा. उजेड लागतो."

मी दार उघडं ठेवलं. एवढं मात्र केलं. बाहेर रिक्षा होती, ती केली, आणि कॉलेजच्या फाटकाशी दहा वाजून दहा मिनिटांनी उतरले. पाऊण तास मी तिथल्या कडुलिंबाखाली उभी होते. पाऊण तासात दवाखान्यात परत जाऊन दोघींच्या चार हातांनी काम उरकून धावत येता आलं असतं का, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. नंतर पुष्कळदा केला. आलं असतं, असं कधी निघतं, नसतं आलं असं कधी निघतं.

हॉलमध्ये माझ्या पुढचा बाक रिकामा. अर्ध्या तासापर्यंत उशिरा येणाऱ्यांना आत घेतात. त्या अर्ध्या तासात मी इंग्रजीत काय लिहिलं ते आठवत नाही, सारखं दाराकडे बघत होते. अर्धा तास संपला, पर्यवेक्षकानं दार लावलं, आणि मला आनंद झाला. खोटं सांगून आता कुणाचं भलं होणार? मला चांगलाच आनंद झाला, आणि मग मी एका दमात निबंध लिहिला.

जूनमध्ये निकाल. मी पास झाले, अगदी काठावर, पण पास. पुष्पाचं अर्थशास्त्र उत्तम होतं, इंग्रजीपुढे गैरहजर. मला जीप मिळाली. पुष्पानं पेढा घेतला, अर्धा मोडून डॉक्टरांना दिला आणि म्हणाली, "अभिनंदन, ताई." आवाजात काही नव्हतं. मी ते "काही नसणं" घरी नेऊन रात्रंदिवस तपासलं.

ऑक्टोबरमध्ये ती इंग्रजीला बसली आणि सुटली. द्वितीय श्रेणी. माझी नुसती पास. म्हणजे आता पदवी दोघींकडे, नोकरी माझ्याकडे, आणि तरी मार्कांत ती वर. मला जीपमध्ये बसून तिच्या द्वितीय श्रेणीचा हेवा वाटायचा. माणसानं किती भुकेलं असावं याला काही मर्यादा हवी.

जीपचं काम मात्र मी गाजवलं. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी. हातात दोन फुटी ब्रश घेऊन मी शाळांच्या पटांगणात उतरायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. किडलेल्या दाताचा आवाज काढायचे, घाबरलेल्या हिरडीचा अभिनय करायचे. हात मात्र हत्याराला लागायचा नाही. अंगठ्याच्या बाजूचा घट्टा मऊ पडत चालला.

पुढच्या जानेवारीत आम्ही वणीच्या एका शाळेत गेलो. बघते तर मुख्याध्यापक खैरनार गुरुजी, माझ्या त्या सातांतले. मला स्फुरण चढलं. तीनशे मुलांसमोर मी त्यांना पुढे बोलावलं.

"मुलांनो, गुरुजींचे दात बघा. गुरुजी, हसा. हे दात या हातांनी साफ केलेत."

गुरुजी सज्जन माणूस. हसले, आणि मग हळू आवाजात, पण पहिल्या चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तुमच्यानंतर पगारेबाईंनी परत केले ना. पोस्टकार्ड आलं होतं मला."

"कसलं पोस्टकार्ड?"

"तपासणी राहिली आहे, सवडीनं येऊन जावे, असं. मला एकट्याला नाही, आमच्या पोस्टातल्या त्या पोरालाही आलं. दवाखान्यात गेलो तर त्या दिवशीचे सगळेच सातजण."

पोरं माझ्याकडे बघत होती. मी ब्रश उचलला आणि पुढचा तक्ता दाखवायला घेतला. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. आमच्या कामात एक चूक असते, जी बाहेरच्याला चूक वाटतच नाही. हत्यार बोथट असलं की ते कीटण काढत नाही, त्याला घासून चकचकीत करतं. कीटण तिथेच राहतं, पण गुळगुळीत होतं. प्रोबला स्वच्छ लागतं, जिभेला स्वच्छ लागतं, पेशंट खूश होऊन जातो. तीन-चार महिन्यांनी हिरडी सुजते. मी सात माणसांच्या तोंडात तसं चकचकीत कीटण ठेवून परीक्षेला गेले होते. त्यांतला कुणीतरी हिरडी धरून परत आला असणार, पुष्पानं त्याच्या तोंडात पाहिलं असणार, आणि मग एका कार्डावर पंधरा पैसे खर्च करून सातही जणांना बोलावलं असणार. माझं नाव कुठे न घेता.

पुढच्या सोमवारी जीप दुरुस्तीला होती. मी दवाखान्यात गेले. दुपारी पेशंट कमी असतात. पुष्पा एकटीच होती.

"पुष्पा, मला बोलायचंय तुझ्याशी."

"बोला की. पण आधी बसा इथं." तिनं खुर्चीकडे हात केला. "तुमच्या हिरड्या बघू. जीपची धूळ खाऊन काय झालंय ते."

मी बसले. मला वाटलं, दोन मिनिटं बघेल. तिनं दिवा ओढला, आरसा घातला, "अरे देवा" म्हणाली आणि स्केलर उचलला. आता मी आयुष्यभर दुसऱ्याला गप्प करून बोलणारी बाई, तोंड वासून पडले होते, आणि जी कधी बोलत नाही ती बोलायला लागली.

"यादी मी आदल्या दिवशीच वाचली होती, ताई. आजी माझ्याकडे, शेवटी. मला कळलं."

मी काहीतरी आवाज काढला.

"जीभ मागं घ्या. बदलून मागितली असती तर तुम्ही नाही म्हणाला नसता, डॉक्टर समोर होते. पण मग आजी तुमच्याकडे गेली असती. आणि त्या दिवशी तुमचा हात मी सकाळपासून बघत होते. दगड बाहेर आला नव्हता. तुम्ही तिचे चारही दात पाडले असते. थुंका."

मी थुंकले. बोलायला गेले तर तिनं परत आरसा घातला.

"राग नव्हता असं समजू नका. सात पोस्टकार्डं लिहिली तेव्हा आठवं ट्रस्टच्या चेअरमनना लिहिलं होतं. सगळं. दोन दिवस पर्समध्ये होतं." ती मागच्या दाढेकडे वळली. "फाडलं मग. तुमच्याकडून शिकले होते ना हे काम. डावीकडे मान."

मी मान डावीकडे केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, दिव्यानं येतं तसंच दिसत असावं.

"बाबांनी पाटी रंगवून आणली होती मार्चमध्येच. पुष्पा पगारे, बी.ए. कॉलनीतल्या त्या दारातून दहा वर्षं डबा घेऊन कामावर गेले. त्या दारावर आठ दिवस तरी लागू दे म्हणायचे, मग क्वार्टर सोडू. जूनअखेर सोडली. आता नाशिकरोडला भाड्यानं खोली आहे, घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही. पाटी ट्रंकेमागे आहे." तिनं स्केलर पुसला. "जीप मला नकोच होती, ताई. मला गाडी लागते. पेठच्या घाटात ओकले असते."

आणि मग ती म्हणाली, "मिटा आता. झालं."

मी चूळ भरली. पाण्यात रक्ताचा एक तंतूही नव्हता. वीस मिनिटांत मला एकदाही टोचलं नव्हतं. घरून मी माफीचं जे भाषण तयार करून आणलं होतं, चढ-उतारासकट, त्यातलं "पुष्पा" एवढंच बाहेर पडलं. ती हात धूत होती. मग बाहेर डोकावून तिनं पुढचं नाव पुकारलं, आणि मला, सगळ्यांना सांगतो त्याच सुरात, म्हणाली, "सहा महिन्यांनी या."

संध्याकाळी आमचे हे कामावरून आले तेव्हा मी खिडकीशी बसले होते. एका हातात आरसा, एका हातात प्रोब, आणि टॉर्च धरायला धाकटीला उभं केलेलं. दगडाला हात न लावता सात माणसं उरकणारी बाई मी, मला कीटण कुठे लपतं ते कुणी शिकवायला नको. खालच्या दातांची मागची बाजू, दाढांमधल्या फटी, हिरडीच्या कडेखाली, एकेक दात मी तीन-तीनदा तपासला.

"काय हरवलंय?" ह्यांनी विचारलं.

एक तरी जागा शोधत होते मी, एवढीशी, टाचणीच्या टोकाएवढी, जिथे प्रोब अडकेल. अंधार पडेपर्यंत शोधत होते. नाही सापडली.